आरोग्यमंत्री महोदय, त्वचेचा डॉक्टर तालुक्याला भेटू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते. मला सोरायसिस हा त्वचेचा आजार आहे. हा आजार शेजारी बसल्याने कुणाला होत नाही आणि एका औषधाने कायमचा जातही नाही. तो ताब्यात ठेवावा लागतो, आणि त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरला वरचेवर दाखवावे लागते. माझे नशीब एवढेच की मी शहरात राहते, सिव्हिल मला रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या त्वचा विभागाच्या ओपीडीत माझ्या शेजारी बाकावर जी माणसे बसलेली असतात, त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ती माणसे करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशी लांबून आलेली असतात. करमाळा सोलापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर आहे. पहाटेची एसटी, केस पेपरची रांग, मग डॉक्टरांची पाच मिनिटे, औषधाच्या खिडकीवर पुन्हा रांग, आणि अंधार पडायच्या सुमारास घर. त्या दिवसाची मजुरी गेली, बाई एकटी येत नसेल तर सोबतच्याचीही गेली. बरे, एवढे करून काम एका खेपेत संपत नाही. डॉक्टर सांगतात, महिन्याने रक्त तपासून या. माणूस एकदा येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा घरीच राहतो. डॉक्टरांचा यात दोष नाही. गर्दी केवढी असते ते मी पाहते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून आणि कर्नाटकातूनही रुग्ण इथेच येतात.

तिसऱ्या खेपेला न आलेला माणूस कुठे जातो, हे आपण समजून घ्यावे अशी माझी खरी विनंती आहे.

तो जवळच्या मेडिकलमध्ये जातो आणि ट्यूब मागतो. वीस-तीस जणांच्या घोळक्यात विचारा, नायट्यावर लावायच्या ट्यूबचे नाव निम्म्यांना पाठ असते. यातल्या कित्येक ट्यूबांमध्ये क्लोबेटासोलसारखे जोरदार स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेले असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणसाला वाटते बरे झाले. बुरशी मात्र आतून पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिकारशक्तीच दाबली गेलेली असते. ट्यूब थांबवली की नायटा दुप्पट होऊन येतो. जांघेत, काखेत कातडी पातळ होऊन ज्या रेघा उमटतात, त्या पुढे कधी जात नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये अंगावरचा कपडा दिवसभर ओला असतो, आणि घरात चौघांत एक टॉवेल. बुरशीला आणखी काय हवे? त्यात आता नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी देशभर आढळते आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम चांगलाच आहे. पण चिठ्ठी देणारा डॉक्टर शंभर किलोमीटरवर असेल, तर माणूस दुकानदारालाच डॉक्टर मानणार. नुसते छापे घालून हे थांबणार नाही.

दुसरी वाट याहून वाईट. आमच्या कारखान्यातल्या एका बाईंनाही सोरायसिस होता. कुणीतरी ‘खात्रीचा इलाज’ सांगितला, त्यांनी पुड्या घेतल्या. महिनाभरात अंग स्वच्छ झाले. पुड्या संपल्यावर आठवड्याभरात सगळे अंग लालबुंद झाले, थंडी वाजून ताप आला, कातडी पापुद्र्यांनी सुटू लागली. दवाखान्यात भरती करावे लागले. सोरायसिसमध्ये पोटात घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबले तर असे होऊ शकते, हे त्यांना तिथे कळले. त्या वेळी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कार्डाची चौकशी करण्यात घरचे दिवसभर धावले. ही योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. ओपीडीत वर्षानुवर्षे येणाऱ्या आमच्यासारख्यांना तिचा उपयोग नाही. खाटेवर पोचेपर्यंत थांबायचे, हा जुनाट आजाराचा उपचार कसा असेल?

तिसरे मला सर्वांत जास्त खुपते. फिकट चट्टा असतो, खाज नसते, दुखत नाही, म्हणून बाई तो अंगावर काढते किंवा त्यावरही ट्यूब चोळते. त्या चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी औषध मोफत मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत आजार पूर्ण बरा होतो. पण उशीर झाला तर नसा जातात, बोटे वाकतात, आणि ती औषधाने सरळ होत नाहीत. विड्या वळणाऱ्या बाईची बोटे गेली तर तिच्या घराची चूल गेली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे देशाने २००५ च्या अखेरीस जाहीर केले, तरी रुग्ण आजही सापडतात. ते ओळखायला सरावलेली नजर आणि हात लागतो. फोटोवरून स्पर्श तपासता येत नाही.

म्हणून मागणी करते की पंढरपूर आणि करमाळ्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत, आणि पुढे प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, आठवड्यातला एक ठरलेला वार त्वचारोगतज्ज्ञाचा असावा. वार बाजाराचा धरा. त्या दिवशी माणसे तालुक्याला येतातच, वेगळा खाडा होत नाही. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि तालुक्याची रुग्णालये आपल्याकडे, हे मला माहीत आहे. दोन खात्यांनी बसून ठरवले तर सिव्हिलला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आळीपाळीने येऊ शकतील, त्यांच्याबरोबर शिकणारी मुलेही येतील. पहिली तपासणी समोरासमोर व्हावी. स्थिर झालेल्या रुग्णाची मधली भेट ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर चालेल, कारण जुना चट्टा वाढला की मावळला हे बऱ्याचदा फोटोतही कळते.

आपल्या खात्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले. त्याचा लाभ आम्हाला तेव्हाच मिळेल, जेव्हा आमचा डॉक्टर आणि आमची औषधे त्या रुग्णालयांत असतील. साधे मॉइश्चरायझर, योग्य ताकदीची मलमे आणि सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेटची गोळी तिथे मिळावी. रक्त तिथेच तपासले जावे. सोरायसिस आणि कोडासाठी नॅरोबँड यूव्हीबीचे, म्हणजे यंत्रातून त्वचेवर देतात ते अतिनील किरण आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने घ्यावे लागतात. त्यासाठी सांगोल्याच्या माणसाने सोलापूरला यायचे म्हटले तर त्याने कामच सोडावे. असे एक यंत्र पंढरपूरला बसवले तर जिल्ह्याचा पश्चिम भाग सोलापूरच्या फेऱ्यांतून सुटेल.

एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते, तिला निधी लागत नाही. सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. आमच्या जिल्ह्यात अक्कलकोटकडे घरोघरी कन्नड बोलतात, पूर्व भागात तेलुगू. या गोळीच्या पाकिटावर वाराचे नाव मराठी, कन्नड आणि तेलुगूत ठळक लिहूनच ती खिडकीतून द्यावी, आणि वाचता न येणाऱ्याला तोंडी सांगून त्याच्याकडून एकदा वदवून घ्यावे, असा लेखी आदेश आपण काढावा.

आपली,
एक सोरायसिस रुग्ण,
पूर्व भाग, सोलापूर