त्या जागा रिकाम्या का झाल्या, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्ध चालू असलेल्या देशांतल्या नोकरभरतीवरचा कालच्या अंकातला लेख मी दोनदा वाचला. त्यात पगार आहे, ओव्हरटाइम आहे, राहण्याची सोय आहे, आणि खानदेशातल्या आयटीआय झालेल्या पोरांनी ही संधी दवडू नये असा सल्लाही आहे. त्या जागा कोणाच्या होत्या आणि त्या रिकाम्या का झाल्या, याबद्दल मात्र एक ओळ नाही. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये सुतारकामाचा शिल्पनिदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा मास्तर, होतो. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आज सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे ठोकायच्या, कामावर आहेत. तुमचा लेख वाचून त्यातल्या दोघांचे काल संध्याकाळीच मला फोन आले, म्हणून हे पत्र.

इस्रायलमध्ये ७ ऑक्टोबर २०२३ नंतर पॅलेस्टिनी मजुरांना कामावर यायला बंदी झाली. एकट्या बांधकामावरच ते सुमारे ८० हजार होते. थायलंडचे हजारो शेतमजूर जीव वाचवून मायदेशी परतले आणि तीन लाखांवर राखीव सैनिक कामधंदा सोडून गणवेशात गेले. शटरिंग, सळई वाकवणं, फरशी, प्लास्टर या चार कामांसाठी आपल्याकडची माणसं हवी झाली ती त्यामुळे. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला सरकारी मार्गाने चाचण्या झाल्या, पगार दरमहा १ लाख ३७ हजारांच्या घरात सांगितला गेला. हा पगार खरा आहे, आणि गेलेल्यांपैकी अनेकांनी घरी पैसे पाठवून कर्जं फेडली हेही खरं आहे. पण त्याच वर्षी ४ मार्चला लेबनॉनच्या सीमेलगत मार्गालियोतच्या बागेत काम करणारा केरळचा एक तरुण क्षेपणास्त्राने गेला आणि दोन भारतीय जखमी झाले. पगाराच्या आकड्याखाली एवढं छापायला चार ओळी पुरल्या असत्या.

आता माझ्या घरचं सांगतो. माझा भाचा पारोळा तालुक्यातला, सुरतेला सेंटरिंगचं काम करायचा. डिसेंबर २०२३ मध्ये एका एजंटाने त्याला इस्रायलला पाठवतो म्हणून गाठलं. माझ्याच अंगणात त्याने आठ दिवस सराव केला. जुन्या प्लायच्या फळ्या आणून कॉलमची पेटी ठोकायची, गुण्या लावायचा, ओळंबा सोडायचा, उकलायची, पुन्हा ठोकायची. ओळंबा मी धरत होतो. चौथ्या दिवशी त्याची पेटी अशी बसली की दोरा चारी बाजूंनी सारखा उतरला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं आज मला वाईट वाटतं, कारण त्या रात्री माझ्या बहिणीने मला विचारलं होतं, "भाऊ, पोऱ्याले धाडू का नको?" आणि मी धाड म्हणालो होतो.

एजंटाने ७० हजार घेतले. बहिणीने त्यासाठी दुभती म्हैस विकली. जानेवारी गेला, चाचणीचं बोलावणं आलं नाही. फेब्रुवारीत एजंट म्हणाला, इस्रायलचं लांबलंय, रशियाला जागा आहे. काम हेल्परचं, गोदामात सामान उतरवायचं, पगार लाखावर, बंदुकीला हात लावायचा नाही. भाचा तयार झाला होता. मी विचारलं, मालक कोण? कंपनीचं नाव काय? करार कुठे आहे? एजंट म्हणाला, करार तिथे गेल्यावर मिळतो. मी त्याच क्षणी पासपोर्ट परत मागितला. तो मिळवायला तीन खेपा घालाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात बातमी आली की हेल्पर म्हणून नेलेल्या भारतीय पोरांना रशियाच्या सैन्यात घालून आघाडीवर धाडलं जातंय आणि सीबीआयने देशभर छापे घातलेत. काही जण तोवर मेलेही होते. जुलैत खुद्द पंतप्रधानांना मॉस्कोत हा विषय काढावा लागला, तेव्हा कुठे सुटकेला वेग आला. ती बातमी मी बहिणीला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, आत जाऊन पोराचा पासपोर्ट धान्याच्या कोठीत ठेवून आली.

युद्धात देश आपली माणसं कशी मोजतात ते बघा. युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ ला मार्शल लॉ लागला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं. कारखान्यांत माणूस उरेना, तेव्हा महत्त्वाच्या उद्योगांना आपले कामगार भरतीतून राखून ठेवायची मुभा दिली, तीही साधारण निम्म्यांपुरती. बायकांना खाणीत जमिनीखाली उतरायला मनाई होती, ती उठवली. बस आणि ट्रक चालवायला बायका शिकल्या. कोणता हात बंदुकीवर जाईल आणि कोणता लेथवर राहील, हे तिथे कायद्याने ठरतं, यादी असते. आपला पोरगा एजंटाच्या मोबाइलवरून जातो तेव्हा तो ना त्यांच्या यादीत असतो, ना आपल्या.

आपल्याकडेही एके काळी अशी मोजणी झाली आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून आणि युद्धकामावरून सुटणाऱ्या लोकांना काम लावून देण्यासाठी सरकारने स्वतंत्र खातं उभं केलं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे काम मागणाऱ्यांची नावं नोंदवणारी सरकारी कचेरी, त्यातूनच आली. धुळ्याला मी १९८४ साली कार्ड काढलं, दर वेळी नूतनीकरणाला रांगेत उभा राहिलो, आणि मला नोकरीचा कॉलही त्या कार्डावरच आला. त्या कचेरीला लोक नावं ठेवायचे, पण माझं नाव, माझा ट्रेड आणि माझा पत्ता तिथल्या रजिस्टरात होता.

युद्ध म्हणजे नुसत्या नव्या जागा, असं तुमच्या लेखावरून वाटतं. आमच्या गल्लीतली दोन माणसं सुरतेला हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसायची. जगातल्या कच्च्या हिऱ्यांपैकी जवळपास ३० टक्के माल रशियाच्या एका कंपनीचा. १ जानेवारी २०२४ पासून जी-७ देशांनी तो बंद केला आणि १ मार्चपासून दुसऱ्या देशात पैलू पाडून आलेल्या रशियन हिऱ्यांवरही बंदी घातली. मागणी आधीच पडली होती. दोघांचे आधी कामाचे दिवस कमी झाले, मग दोघेही उधना-जळगाव गाडीने घरी आले. त्यांच्याबद्दलही लिहा.

आणखी एक. पोरांनी परदेशी चाचणीच्या तोडीचं कौशल्य मिळवावं असं लेखात म्हटलंय. ते कुठून मिळवायचं? मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा दोन वर्षं भरली गेली नाही. तासिका तत्त्वावर एक मुलगा यायचा, त्याचं मानधन सहा-सहा महिने थकायचं. रंधा मारायची मशीन बंद पडली ती बंदच राहिली.

माझी मुख्य तक्रार मात्र शेवटच्या पानाची आहे. ज्या अंकात तो लेख, त्याच अंकात परदेशी नोकरीची जाहिरात. त्यात फक्त एक मोबाइल नंबर. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, त्याला क्रमांक मिळतो, आणि तो ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. उमेदवाराकडून त्याला फार तर ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. तुमच्या जाहिरातीत ना क्रमांक होता, ना फीचा आकडा. नोंदणी क्रमांक नसेल तर जाहिरात घेऊ नका, आणि नोंदणीची व फीची वर लिहिलेली दोन वाक्यं अशा प्रत्येक जाहिरातीशेजारी छापा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

७० हजारांतले २५ हजार परत मिळाले. पावती दिलीच नव्हती, वहीच्या कागदावर रक्कम आणि एजंटाची सही एवढंच आहे. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ती छापण्यासाठी नाही, तुमच्या जाहिरात विभागातल्या माणसाला दाखवा. त्यावरचा मोबाइल नंबर आणि कालच्या जाहिरातीतला नंबर एकच आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
पारोळा, जि. जळगाव