संकल्पाला वार, वेळ आणि जागा हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवे वर्ष किंवा गुढीपाडवा जवळ आला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये संकल्प आणि प्रेरणा या विषयांवरील लेख येऊ लागतात, पुण्यातील सभागृहांत त्याच विषयावर व्याख्याने होतात आणि त्यांना गर्दीही चांगली होते. या साऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र शहरातील एका रात्रशाळेत अनेक वर्षे गणित शिकवल्यानंतर, या लेखनामागे जे गृहीत धरलेले असते त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. आधी मनात प्रेरणा जागी होते आणि मगच माणूस कामाला लागतो, असे आपण धरून चालतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हा क्रम बहुधा उलटा होता. ते आधी वर्गात येऊन बसले, मग थोडेफार जमू लागले, आणि जमू लागल्यावर त्यांना पुढचे शिकण्याची ओढ लागली.

रात्रशाळेत मंडईतील गाळ्यांवरचे कामगार येतात, सुरक्षा रक्षक येतात, धुणीभांडी करणाऱ्या बायका येतात, गॅरेजमध्ये काम करणारी मुले येतात. त्यांना इच्छा नाही, असे कोणी म्हणू नये. इच्छा नसती तर दिवसभर उभे राहून काम केल्यावर समीकरणे सोडवायला कोण आले असते? एका बाईंचे उदाहरण देते. त्या एका खानावळीत पहाटेपासून दुपारपर्यंत डब्यांच्या पोळ्या लाटत असत. बँकेत पैसे भरताना स्लिप दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागते, याचे त्यांना फार वाईट वाटे आणि म्हणून दहावी व्हायचे त्यांनी मनाशी घेतले होते. आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांनी दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्मही भरला होता, पण घरी पुस्तकांचा गठ्ठा कपाटावरून खाली आलाच नाही, कारण त्या घरात अभ्यासाची अशी वेळ नव्हती आणि जागाही नव्हती.

रात्रशाळेत आल्यावर त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली. कणीक मळून झाकून ठेवली की ती मुरेपर्यंत वही उघडायची आणि एक गणित सोडवायचे, एवढाच त्यांचा नियम होता. डब्यांचा हिशेब लिहिण्याच्या कागदांची मागची बाजू त्या यासाठी वापरत, त्यामुळे संध्याकाळी माझ्यासमोर येणाऱ्या कागदाच्या एका बाजूला ‘पोळ्या, भाजी, जादा भात’ अशी नोंद असे आणि दुसऱ्या बाजूला शेकडेवारी. आमचे सरळव्याज शिकवून झाले, तेव्हा भिशीत आधी उचल घेतली की प्रत्यक्षात किती व्याज पडते, हे त्यांनी आपले आपण काढले. त्या दिवसापासून त्या पहिल्या बाकावर बसू लागल्या. त्यांच्यात मला दिसलेली खरी प्रेरणा ही होती आणि ती सुरुवातीला नव्हे, मध्यावर आली.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. इंग्लंडमधील मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही, दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयरोगाचा धोका कसा कमी होतो हे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला, आणि तिसऱ्या गटाला तोच मजकूर देऊन शिवाय येत्या आठवड्यात आपण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून काढायला सांगितले. पहिल्या गटातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला आणि दुसऱ्या गटातील ३५ टक्के. मजकुराने दुसऱ्या गटाचा व्यायामाचा इरादा पक्का झाला होता, तरी प्रत्यक्ष कृतीत त्याचा फायदा दिसला नाही. दिवस, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवणाऱ्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ९१ टक्के निघाले. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ या स्वरूपाच्या निश्चयाचा त्याआधीच सविस्तर अभ्यास केला होता. कणीक मुरत ठेवली की वही उघडायची, हा त्याच जातीचा निश्चय आहे आणि तो करण्यासाठी कोणत्याही व्याख्यानाला जावे लागत नाही.

२१ दिवसांत सवय लागते, हे विधानही आपण वारंवार छापतो, पण त्याला भक्कम आधार नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये आपल्या रुग्णांविषयी असे निरीक्षण नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला त्यांना किमान सुमारे २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्याचा मध्यम कालावधी ६६ दिवसांचा आढळला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना दिसले. बाविसाव्या दिवशी ‘माझ्यात चिकाटीच नाही’ असे म्हणून वही मिटवणाऱ्या माणसापर्यंत हे पोहोचले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

शिकण्यासाठी ठरलेली वेळ आणि जागा लागते, ही गोष्ट पुण्याने फार पूर्वी ओळखली होती. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर राबणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. शिक्षणाचे महत्त्व तर ते सांगतच होते, पण शेतकऱ्याला आणि मजुराला जी वेळ मोकळी असते त्या वेळी त्यांनी शाळेचे दार उघडे ठेवले. रमाबाई रानडे यांचे शिक्षण लग्नानंतर, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसत झाले आणि त्यांना पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची साथ होती. पुढे १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, त्यात मोठ्या वयाच्या स्त्रियांना शिकायला हक्काची जागा मिळाली.

आजही ज्यांना जागा आणि सोबत मिळते त्यांचे चालू राहते. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले खोलीवर टेबल-खुर्ची असतानाही दरमहा पैसे भरून अभ्यासिकेत जागा घेतात, ती भोवती वाचत बसलेल्या माणसांसाठी. पर्वतीच्या पायऱ्या पहाटे चढणाऱ्या मंडळींचा व्यायाम वर्षानुवर्षे टिकतो, कारण एक दिवस खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी ‘काल का नाही आलात?’ असे विचारणारे कोणीतरी तिथे असते. पण चाळिशीत संस्कृत शिकू पाहणारा रिक्षाचालक, संसारातून मोकळे होऊन तबला पुन्हा सुरू करू इच्छिणारी गृहिणी किंवा पदवी अपुरी राहिलेला कारखान्यातील कामगार यांनी बसावे कुठे? यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे १९८९ पासून प्रवेशाचा प्रश्न बराच सुटला आहे. प्रवेश घेतल्यानंतरच्या संध्याकाळचा प्रश्न मात्र तसाच आहे.

इथे घराचाही विचार करायला हवा. रात्रशाळा सोडून गेलेल्या बायकांपैकी अभ्यास अवघड वाटला म्हणून गेलेल्या थोड्या होत्या. बहुतेकींना साडेआठला घरी जेवण कोण वाढणार, या प्रश्नाने थांबवले. ज्या घरांत मुलाने किंवा नवऱ्याने आठवड्यातील ठरलेले वार स्वयंपाकघर आपल्याकडे घेतले, त्या घरांतल्या बायका परीक्षेपर्यंत पोहोचल्या. अशा बाईला प्रेरणेची गरज आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या घरच्यांनी तिच्यासाठी एक तास मोकळा करण्याची गरज आहे.

ध्येय मधेच बदलले तर तो पराभव मानण्याचेही कारण नाही. पुण्यातच राहणारे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर त्यांची मुष्टियुद्धाची वाट बंद झाली. १९६८ मध्ये ते तेल अवीवला टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले. त्यांची जिद्द असामान्य आहेच. तरी उपचार, सरावाची जागा आणि शिकवणारी माणसे यांचाही त्या पदकात वाटा असतो, हे आपण गौरवाच्या लेखांत क्वचितच लिहितो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. महापालिकेच्या ज्या शाळांच्या इमारती संध्याकाळी बंद असतात, त्यांतील प्रत्येक प्रभागातला निदान एक वर्ग सात ते दहा या वेळेत प्रौढांच्या अभ्यासासाठी मोकळा ठेवावा. दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि दार उघडणारा एक माणूस, यापलीकडे त्याला फारसा खर्च नाही. गृहनिर्माण संस्थांनाही वाढदिवसांखेरीज एरवी रिकामे राहणारे आपले सभागृह आठवड्यातून काही संध्याकाळ असे वापरता येईल. दुसरी विनंती आपल्या दैनिकाला आहे. पुढच्या संकल्प-विशेष पुरवणीत एक पान पुण्यातील रात्रशाळा, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे, संध्याकाळी उघडी असणारी ग्रंथालये आणि प्रौढांना प्रवेश देणारे संगीताचे व भाषांचे वर्ग यांच्या यादीसाठी द्यावे. त्यात पत्ता, वार, वेळ आणि शुल्क स्पष्ट असावे, अक्षर मोठे असावे, आणि कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावता येईल अशी त्या पानाची मांडणी असावी.

आपली नम्र,
रात्रशाळेतील एक निवृत्त शिक्षिका,
कसबा पेठ, पुणे