तनूसाठी माउथगार्ड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तनू कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळते आणि तिच्यासाठी माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच, घ्यायचंय हे तुझ्या पत्रात वाचलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घोट्याची पकड घ्यायला ती झेपावते तेव्हा तिचं तोंड समोरच्या मुलीच्या गुडघ्या-टाचेच्या उंचीवर येतं. लाथ कुणी मुद्दाम मारत नाही, पाय सोडवायच्या धडपडीत ती बसते आणि बहुतेक वेळा वरच्या समोरच्या दोन दातांवर बसते, कारण तेच सगळ्यांत पुढे असतात. त्यामुळे माउथगार्ड सहसा वरच्या दातांनाच लावतात. बॉक्सिंगमध्ये याशिवाय रिंगमध्ये उतरू देत नाहीत. कबड्डीत मात्र अजून मुलांना त्याचं ओझंच वाटतं.

दुकानात तू पाहिलेलं, पाकिटातून काढून थेट तोंडात घालायचं गार्ड घेऊ नकोस. ते कुणाच्याच दातांच्या मापाचं नसतं, त्यामुळे जागेवर ठेवायला दात आवळून धरावे लागतात. चढाईला गेल्यावर एका दमात 'कबड्डी कबड्डी' पंचांना स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. आवळलेल्या दातांतून ते कसं जाणार? दम तुटला म्हणून बाद व्हायची वेळ यायची. मग पोरगी दुसऱ्याच दिवशी गार्ड पिशवीत टाकेल, आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा. हंगाम तोंडावर आला असेल तर हा चालेल, पण तो दुकानात नाही, घरात ओट्याशी बिघडतो. आधी गार्ड तसंच कोरडं तोंडात घालून बघा. मागची टोकं पहिल्या मोठ्या दाढेच्या थोडी मागेपर्यंत यावीत. तिथून पुढे जाऊन टोचत असतील किंवा उबळ येत असेल तर कात्रीने कापा आणि कड गोल करा. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून मगच गार्ड बुडवा. वेळ पाकिटावर लिहिलेली असते, साधारण अर्धा मिनिट, तीच पाळा. उकळत्या पाण्यात ठेवून दिलं तर भिंती आत वळून एकमेकींना चिकटतात. झाऱ्याने काढून क्षणभर गार पाण्यातून फिरवा, नाहीतर हिरड्या भाजतील. मग आरशासमोर मधली खूण समोरच्या दोन दातांमधल्या फटीवर आणून बसवा.

यापुढची पायरी नीट वाच. चावायचं हलकेच. मुलं जोर लावून चावतात, मऊ झालेला माल दाढांखालून बाजूला सरकतो आणि चावायच्या जागी नुसता पापुद्रा उरतो. दिसायला गार्ड झकास, खाली काहीच नाही. त्याऐवजी ओठावरून अंगठ्यांनी पुढची भिंत दातांवर दाबायची, जिभेने आतली बाजू टाळूकडे रेटायची आणि तोंडातली हवा चोखून घ्यायची. अर्ध्या मिनिटाने काढून गार पाण्यात टाका. वाकडं बसलं तर पुन्हा एकदा करता येईल, पण प्रत्येक वेळी ते पातळ होतं. तिसऱ्यांदा करण्यापेक्षा नवं आणलेलं बरं.

झालं की तपासा. तोंड उघडल्यावर हात न लावता ते वरच राहिलं पाहिजे, तनूला एका दमात वीस वेळा 'कबड्डी' म्हणता आलं पाहिजे आणि घोटभर पाणी पिता आलं पाहिजे. समोरच्या दातांवर जाडी निदान ३ मिलिमीटर हवी, म्हणजे दहाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी, दाढांखालीही साधारण तेवढीच. आत टाळूच्या बाजूला २ पुरे. चावल्यावर खालचे दात दोन्ही बाजूंना एकदमच टेकायला हवेत. एकाच बाजूला टेकले तर जबडा दुखतो.

माझं मत विचारशील तर दंतवैद्याकडून मापाचं करून घे. महाग पडेल, पण तिचे समोरचे दात आता कायमचे आहेत. पहिल्या भेटीत अल्जिनेट नावाच्या मऊ लगद्यात दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात, ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची पत्री तापवून साच्यावर ओढून घेतात आणि दुसऱ्या भेटीत कडा घासून देतात. ओढली जाताना पत्री ताणते, आणि समोरच्या दातांच्या कडेवर, म्हणजे जिथे जाडी हवी नेमकी तिथेच, सगळ्यांत पातळ होते. ३ मिलिमीटरची एकच पत्री घेतली तर तयार गार्डात तिथे ३ उरत नाही. म्हणून 'पत्री किती जाड?' असं विचारू नकोस. 'तयार झाल्यावर समोर किती उरेल?' असं विचार. दोन थर दाबाने एकमेकांवर चढवून केलेलं सगळ्यांत चांगलं. वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारी जी शीर असते, तिच्यासाठी कडेला खाच ठेवली आहे ना, तेही बघ. नसेल तर घासून जखम होते.

पुढच्या वर्षी तारा लावायच्या म्हणतोस, ते दंतवैद्याला आताच सांग. तारांवर चावून बसवायचं गार्ड नको, मऊ माल तारांत अडकून घट्ट बसतो. शिवाय दात सरकत असताना आजचं माप सहा महिन्यांनी लागू पडत नाही.

वापरल्यावर गार पाण्याने ब्रश करायचं आणि भोकं असलेल्या डबीत ठेवायचं. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलं तर आकार गेलाच म्हणून समज. चावून चावून भोक पडलं की टाकून द्यायचं. आणि याने डोक्याला मार लागत नाही असं कुणी विकणारा सांगेल, त्यावर विसंबू नकोस. हे दातांसाठी आहे.

एवढं करूनही कायमचा दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाला हात न लावता, एरवी तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. माती लागली असेल तर दहाएक सेकंद गार पाण्याखाली धरायचा, घासायचा नाही. लगेच जागेवर बसवून रुमाल चावून धरायचा आणि तडक दंतवैद्याकडे. बसवता आला नाही तर दुधात ठेवायचा, साध्या पाण्यात नाही. हाताशी तास-अर्धा तासच असतो. वहिनींना आणि तिच्या सरांनाही हे सांगून ठेव. धाकट्याचा दुधाचा दात पडला तर मात्र तो परत बसवायचा नसतो.

तनूची स्पर्धा कधी आहे ते कळव. मापाचं गार्ड यायला आठवडाभर धर, आणि त्यानंतर तिला ते घालून निदान चार-पाच सराव तरी मिळायला हवेत.

तुझा,
विनय