पायवाट आणि घोडेवाट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सायकल भटकंतीवर आलेला लेख वाचला. हिरव्या टेकड्या, मेंढ्यांची कुरणे आणि चर्चच्या मनोऱ्यांची वर्णने त्यात चांगली उतरली आहेत. तथापि, ‘तेथे शेतांतून जाणाऱ्या कोणत्याही पायवाटेने माउंटन बाइक बिनदिक्कत नेता येते’ या आशयाचे जे विधान लेखात आहे, ते बरोबर नाही, आणि मुलांकडे किंवा नातवंडांकडे उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या वाचकांची त्यामुळे पंचाईत होऊ शकते. माझी स्वतःची झाली होती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी हँपशायर परगण्यात विंचेस्टरजवळ राहते. निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला गेलो असता जावयांनी माझ्यासाठी एक माउंटन बाइक भाड्याने आणली. दुसऱ्याच दिवशी घरामागच्या शेताच्या कडेने जाणारी एक सुंदर वाट पाहून मी एकटाच निघालो. वाटेत कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी पायऱ्या होत्या, त्यांवरून मी सायकल उचलून पलीकडे नेली. खरे तर तेथेच शहाणे व्हायला हवे होते, कारण जेथे सायकल उचलावी लागते, ती वाट सायकलीसाठी केलेली नसते. अर्ध्या मैलावर कुत्रा घेऊन फिरायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी मला थांबवले आणि अत्यंत सौम्य आवाजात, पण हसू न आणता, ही वाट फक्त चालणाऱ्यांची आहे, असे सांगितले. मी क्षमा मागितली, सायकलीवरून उतरलो आणि ती हाताने ढकलत परत आलो.

त्या देशात शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे प्रकार आहेत. ‘फुटपाथ’ ही केवळ पायी चालणाऱ्यांची वाट. (आपल्याकडे फुटपाथ म्हणजे रस्त्याकडेची फरसबंद पट्टी. तिला तेथे ‘पेव्हमेंट’ म्हणतात, आणि गोंधळाची सुरुवात बहुधा येथूनच होते.) ‘ब्रायडलवे’ ही घोड्यावरून जाण्याची वाट, आणि १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याच्या तिसाव्या कलमाने सायकलस्वारांना हक्क मिळाला तो या वाटेवर. आपल्या लेखकाने ब्रायडलवेलाही ‘पायवाट’ म्हटले आहे आणि फुटपाथलाही. पहिलीला ‘घोडेवाट’ म्हटले असते, तर निम्मा घोटाळा टळला असता. या दोहोंखेरीज गाड्यांच्या जुन्या रस्त्यांपासून उरलेले ‘बायवे’ आहेत आणि त्यांवरही सायकल चालते. प्रत्यक्ष जागेवर हे ओळखणे अवघड नाही: फाटकाच्या खांबावरील बाण पिवळा असेल तर फुटपाथ, निळा असेल तर ब्रायडलवे, लाल किंवा जांभळा असेल तर बायवेचा प्रकार. इंग्लंडमधील अशा सर्व वाटांच्या एकूण लांबीपैकी सुमारे २२ टक्केच सायकलीला खुली आहे, यावरून लेखातील ‘कोणत्याही’ या शब्दाचे वजन वाचकांनीच ठरवावे.

फुटपाथवर सायकल चालवणे हा साधारणपणे गुन्हा ठरत नाही, तो जमीनमालकाच्या हक्काचा भंग ठरतो. म्हणजे पोलीस पकडून नेणार नाहीत, पण मालकाने निघा म्हटले की निघावे लागते. २००० च्या कायद्याने डोंगरमाथ्यांवर आणि माळरानांवर फिरण्याची जी मुभा दिली, तीही पायी फिरणाऱ्यांसाठीच आहे. स्कॉटलंडची गोष्ट निराळी. तेथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जाण्याचा हक्क दिला आहे. लेखकाने बहुधा तेथील मोकळीक इंग्लंडच्या खात्यावर जमा केली असावी.

आता या व्यवस्थेतील एका विचित्र गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९४९ च्या कायद्यानुसार प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार केला, आणि त्यात नोंदलेली वाट कायद्याच्या दृष्टीने निर्विवाद मानली जाते. मात्र प्राथमिक पाहणी बहुतेक ठिकाणी गावोगावच्या पॅरिश मंडळींनी (आपल्या ग्रामपंचायतीसारख्या) केली, आणि एकाच जुन्या वाटेला एका गावाने घोडेवाट म्हटले, तर शेजारच्या गावाने पायवाट. परिणामी आजही एखादा ब्रायडलवे गावाच्या शिवेपर्यंत व्यवस्थित येतो आणि शिव ओलांडताच कागदोपत्री फुटपाथ होतो. माती तीच, झाडांच्या रांगा त्याच, पण पुढे सायकल न्यायची नाही. पाणंद आणि शिवरस्त्यांच्या नोंदींवरून तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या आपल्या शेतकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अशा तुटलेल्या आणि नोंदीतून निसटलेल्या वाटा शोधण्यासाठी तेथील स्वयंसेवक दीडदोनशे वर्षांपूर्वीचे जमीनवाटपाचे निवाडे आणि चर्चच्या दशमांश कराचे नकाशे अभिलेखागारांत बसून चाळतात, आणि हे काम, माझ्या मते, सायकल चालवण्याहून अधिक चिकाटीचे आहे.

ज्यांना कोठेही न अडखळता सलग जायचे आहे, त्यांच्यासाठी विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही साउथ डाउन्स या टेकड्यांवरून जाणारी ‘साउथ डाउन्स वे’ नावाची सुमारे १६० किलोमीटरची वाट आहे. १९७२ मध्ये ती खुली झाली तेव्हा ईस्टबोर्नपासून हँपशायरच्या सीमेपर्यंतच होती, विंचेस्टरपर्यंत ती नंतर वाढवण्यात आली. आपल्या लेखात हिला ‘सपाट आणि सोपी’ म्हटले आहे. नकाशावर डोंगर दिसत नाहीत हे खरे, कारण बटसर हिल हे तेथले मोठे नाव जेमतेम २७० मीटर उंच आहे, आणि सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्याला टेकाड म्हणण्याचा मोह होईल. पण प्रत्येक नदीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा कड्यावर चढावे लागते, आणि अशा चढांची बेरीज शेवटापर्यंत चार हजार मीटरच्या आसपास जाते. मी विंचेस्टरहून मिऑन नदीकाठच्या एक्स्टन गावापर्यंतचे सुमारे वीस किलोमीटरच केले, तेही विजेच्या मदतीने चालणारी सायकल घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. (अशा सायकलीची मोटर २५० वॅटची असेल, तिची मदत ताशी सुमारे २५ किलोमीटरला थांबत असेल आणि पायडल मारल्याशिवाय ती चालत नसेल, तर ब्रायडलवेवर तिला साध्या सायकलीचाच दर्जा आहे.)

या टेकड्या खडूसारख्या पांढऱ्या, मऊ चुनखडीच्या आहेत. कोरड्या दिवशी वाट गुळगुळीत आणि वेगवान असते, पण पाऊस पडून गेला की तोच खडू साबण लावल्यासारखा निसरडा होतो आणि ओली मुळे त्याहून वाईट. शिवाय खडूत चकमकीचे दगड असतात, त्यांच्या कडा काचेसारख्या धारदार असल्यामुळे टायर फाटतो. तेथील लोक ट्यूब नसलेले आणि आत भोके बुजवणारा द्रव घातलेले टायर का वापरतात, हे मला एका दुपारी दोनदा पंक्चर काढल्यावर कळले.

सायकलस्वाराने ब्रायडलवेवर पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, ही अट त्याच १९६८ च्या कलमात लिहिलेली आहे, ती केवळ शिष्टाचाराची बाब नाही. घोड्याच्या मागून येताना दुरूनच बोलून वर्दी द्यायची असते. माणसाचा आवाज घोड्याला परिचित असतो, अचानक घणघणणाऱ्या घंटीने तो बुजू शकतो. ‘गुड मॉर्निंग’ म्हणून वेग कमी करायचा, स्वाराने हात केला की जास्तीत जास्त अंतर ठेवून पुढे जायचे. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत सोडायचे. त्याची लांब दांड्याची कडी मुळात घोड्यावर बसल्या बसल्या उघडता यावी म्हणून केलेली असते, आणि सायकलीवरूनही ती सहज हाती येते.

शेतकऱ्यावरही बंधने आहेत. शेताच्या मधून जाणारी घोडेवाट नांगरली, तर पहिल्या मशागतीनंतर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामानंतर २४ तासांत ती किमान दोन मीटर रुंदीची करून द्यावी लागते. शेताच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही. याच्या उलट, सायकलस्वारांच्या सोयीसाठी घोडेवाटेवर काही करण्याची सक्ती कोणावरही नाही, असेही १९६८ च्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे हिवाळ्यात घोड्यांच्या खुरांनी झालेला चिखलाचा राडा हा तक्रारीचा विषय होत नाही.

लेखात घ्यावयाच्या वस्तूंची यादी दिली होती, तीत हेल्मेट, पाण्याची बाटली आणि कॅमेरा होता. नकाशा नव्हता. ऑर्डनन्स सर्व्हे या तेथील सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा जवळ असावा. त्यात फुटपाथ आखूड हिरव्या तुटक रेषेने आणि ब्रायडलवे लांब हिरव्या तुटक रेषेने दाखवलेला असतो, आणि घरातून निघण्यापूर्वीच त्यांवर बोट फिरवून घेता येते. येत्या मे-जूनमध्ये तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी निदान बाणांच्या रंगांची माहिती पुरवणीच्या पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा