गाण्यातले ‘आपण’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रॉक गीतांवर आलेला लेख वाचला. या गीतांतील एकटेपणा आणि निघून जाण्याची ओढ म्हणजे निव्वळ पळपुटेपणा आहे, असा लेखाचा सूर होता. ही गाणी मी तीस वर्षांहून अधिक काळ मन लावून ऐकत आलो आहे आणि हा आरोप मला मनापासून अन्यायकारक वाटतो.

‘द अ‍ॅनिमल्स’ या इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या वाद्यवृंदाने 1965 मध्ये गायिलेल्या ‘वुई गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस’ या गीताचे भाषांतर लेखात ‘आम्हाला येथून बाहेर पडायचे आहे’ असे केले आहे. माझ्या मते घोटाळा तेथेच झाला. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे. या गीतातला तरुण, राबराब राबून केस पिकलेला आणि अंथरुणाला खिळलेला बाप डोळ्यांसमोर असताना, आपल्या मैत्रिणीला सांगतो आहे की आपण निघू या. पळपुटा माणूस कोणाला सोबत घेत नाही. व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांनी हे गीत आपलेसे केले, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये शेजारच्या खाटेवरचा सोबतीही आला. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न टू रन’ (1975) मध्येही नायक आपल्या प्रेयसीला, वेंडीला, बरोबर येण्याची गळ घालतो.

हे ‘आपण’ नसले की काय उरते, ते बीटल्सच्या ‘एलिनॉर रिग्बी’ (1966) मध्ये दिसते. दुसऱ्याच कोणाचे तरी लग्न लागून गेलेल्या चर्चमध्ये एक बाई जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचते आहे. आपल्याकडच्या अक्षतांची आठवण व्हावी असे हे दृश्य आहे, आणि दर वेळी ते ऐकताना माझ्या घशात आवंढा येतो. तेथलाच धर्मगुरू रात्री एकटा आपले मोजे रफू करीत बसतो. ती मरते तेव्हा अंत्यविधीला कोणीही येत नाही, आणि तिच्या थडग्यापासून परतणारा तो हाताची माती झटकतो. या दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला ‘चल’ म्हटलेले नाही.

लेखकाने ट्रेसी चॅपमन यांचे ‘फास्ट कार’ (1988) हे लोकसंगीताच्या वळणाचे गीतही शेवटपर्यंत ऐकावे, अशी विनंती आहे. दारुड्या बापासाठी शाळा सोडलेली मुलगी सुरुवातीला आपल्या जोडीदाराला विचारते की ही गाडी आपल्याला दूर नेण्याइतकी वेगवान आहे का. दोघे शहरात येतात, तिला नोकरी लागते, पण जोडीदारही दारूतच रमतो. शेवटच्या ध्रुवपदात प्रश्न तोच असतो, गाडीही तीच असते, फक्त ‘आपण’च्या जागी ‘तू’ आलेला असतो: जायचे की नाही, ते आता तूच ठरव.

आपला,
एक वाचक, पुणे