रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डांग, रतनमहाल किंवा जांबुघोडा येथील जंगलांत ‘दुर्मीळ पक्षी आढळला’ अशा बातम्या हल्ली बडोद्याच्या वाचकांना वरचेवर वाचायला मिळतात. छायाचित्र सुरेख असते. पण पक्षी कोणत्या तारखेला, कशा जंगलात, कोणी पाहिला आणि त्याची ओळख कशावरून पटवली, याचा उल्लेख बहुधा नसतो. ही उणीव किरकोळ नाही, हे दाखवणारे एक प्रकरण आपल्याच भागाशी निगडित आहे.

रानपिंगळा या लहानशा घुबडाचे पहिले शास्त्रीय वर्णन पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी 1873 मध्ये केले. 1884 नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीची नोंद मिळेना. अपवाद एकच होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाने 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आजच्या सुरत जिल्ह्यात, मिळवल्याचे सांगितलेला, कातडे भरून जपलेला नमुना. ठिकाण व तारीख सांगणाऱ्या त्यावरच्या चिठ्ठीवर अभ्यासकांनी विश्वास ठेवला आणि पक्षी कोठे शोधावा याचा अंदाजच चुकला. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी कातड्याची शिवण, आतले भरण आणि क्ष-किरण छायाचित्रे बारकाईने तपासली, तेव्हा तो पक्षी मुळात खानदेशात काम केलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात गोळा केलेला असून लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. ही चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेलेल्या रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ सागवनात, हा पक्षी भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. म्हणजे 113 वर्षे तो नाहीसा नव्हताच! नंतर मेळघाटात, खंडवा-बऱ्हाणपूरकडे आणि डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो आढळला.

कोणते जंगल राखायचे हे अशाच नोंदींवरून ठरते. पायथ्याचे शुष्क पानझडी जंगल दिसायला उजाड, म्हणून सडकेसाठी, शेतीसाठी किंवा सरसकट वृक्षारोपणासाठी ते सहज दिले जाते. तेथे काय राहते याची पक्की नोंद नसेल, तर हरकत तरी कशाच्या आधारावर घ्यायची?

ओळखीबाबतही काळजी हवी. बडोद्यातील जुन्या वडांवर दिसणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते, तर रानपिंगळ्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी आणि पंख व शेपटीवरचे पट्टे रुंद असतात. अंधुक छायाचित्रात हा फरक कळत नाही.

म्हणून विनंती अशी की, आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना तारीख, जंगलाचा प्रकार आणि ओळखीचा आधार अवश्य छापावा; घरट्याचे झाड मात्र कदापि सांगू नये, कारण विणीच्या काळात तेथे कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. (हौशी मंडळींचा राग ओढवेल, पण हे लिहिणे भाग आहे.) त्याचबरोबर शहरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या वनसहलींच्या नोंदवह्या, पक्षी न दिसलेल्या दिवसांच्या नोंदींसह, जपून ठेवाव्यात आणि अभ्यासकांना खुल्या कराव्यात. सध्या परीक्षेचे गुण पडले की त्या रद्दीत जातात.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे