गेटवरच्या काकांना, रजिस्टरमधल्या त्या पानाबद्दल

काका,

माझं नाव तुमच्या लक्षात असेल की नाही माहीत नाही, कारण तुम्ही मला कायम "दोनशे चौदा" म्हणायचात, रूम नंबरवरून. हॉस्टेलचा दुसरा मजला, गेटकडे खिडकी असलेली रूम. तो मी.

जुलै २०२५ मध्ये माझा रिझल्ट लागला, सिव्हिलची डिग्री झाली, सगळे बॅकलॉग निघाले, आणि मी पेढे घेऊन सरळ गेटवर आलो तर खुर्चीत दुसरंच कोणीतरी बसलेलं. ते म्हणाले एजन्सीनं तुमची साईट बदलली, कुठं टाकलं ते त्यांना माहीत नव्हतं. तुमचा साधा फोन लावला, बंद. एजन्सीच्या ऑफिसला फोन केला तर असा कोणाचा पत्ता देता येत नाही म्हणाले. तुमची मुलगी तेव्हा अकरावीला होती आणि घरात मोबाईल तिच्याकडंच असतो असं तुम्ही सांगितलेलं मला आठवतं, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय. तिच्यापर्यंत पोचलं तर ताई, एवढं बाबांना वाचून दाखव.

काका, तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की हे मोबाईलचं वेड कसं सुरू झालं. मी आज सांगतो. आमच्या घरी २०१६ ला फुकट डेटाचं सिम आलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पण खरी सवय लागली लॉकडाऊनमध्ये. माझी बारावी मोबाईलवर झाली, म्हणजे अक्षरशः, शेतातल्या लिंबाखाली रेंज यायची तिथं बसून. २०२१ ला बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. सीईटी दिली, पुण्याला नंबर लागला, आणि दोन वर्षं माणसांत न बसलेलं पोरगं एकदम चारशे पोरांच्या हॉस्टेलवर येऊन पडलं. वर्गात सगळं इंग्लिशमध्ये, ओरलला उभं राहिलो की येत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातून निघायचं नाही. मग रूमवर यायचो आणि मोबाईल उघडायचो. तिथं कोणी काही विचारत नव्हतं.

आमच्या पॅकमध्ये रोजचा दोन जीबी डेटा असायचा, तो संध्याकाळीच संपायचा आणि रात्री बारा वाजता नवीन यायचा. हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण आमच्या विंगमध्ये कित्येक पोरांचा दिवस बारा वाजता सुरू व्हायचा. मी साडेअकरापासून घड्याळ बघत बसायचो. बारा वाजले की रील्स, मग यूट्यूब, मग परत रील्स, एकच बघतो म्हणत म्हणत पहाटेची अजान ऐकू यायची आणि मग झोप. नाश्ता नाही, पहिली तीन लेक्चर नाहीत, अटेंडन्स पंच्याहत्तर टक्के लागतो आणि माझा चाळीसच्या खाली. तिसऱ्या सेमला चार विषय राहिले, एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर धरून.

आणि एक गोष्ट मी आजपर्यंत कोणालाच सांगितली नाही. डिसेंबरमध्ये अण्णांचा फोन आला होता, मी स्पीकरवर ठेवला आणि रील्सचा आवाज बंद करून खाली स्क्रोल करत राहिलो, मधे मधे हां हां करत. अण्णा म्हणाले आजी न्हाणीत पडली, खुबा मोडलाय, आणि मी म्हणालो "बरं झालं, ठेवू का?" अण्णा काहीच बोलले नाहीत, फोन ठेवला. काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. त्या दिवशी मी ठरवलं आता बास, सगळी ॲप डिलीट केली, आणि रात्री बारा वाजता परत टाकली. त्यानंतर मला माझीच भीती वाटायला लागली काका.

जानेवारी २०२३ मधली ती पहाट तुम्हाला आठवत असेल. झोप येत नव्हती म्हणून मी पाच वाजता खाली चहाला निघालो होतो आणि तुम्ही हाक मारलीत, "दोनशे चौदा ना तू? इकडं ये." मला वाटलं रेक्टरकडं तक्रार करणार. तुम्ही राउंडचं रजिस्टर काढलंत, मागचं पान उघडलंत आणि माझ्यापुढं ठेवलंत. निळ्या पेनानं तारखा आणि समोर वेळा. ३.१०, ४.२५, ३.५०, ४.४०. राउंडला गेलात की माझ्या खिडकीत उजेड दिसायचा आणि तुम्ही लिहून ठेवायचात. सव्वीस दिवसांच्या नोंदी होत्या.

मी चिडलोच होतो. आणि तुम्ही म्हणालात, "मला आधी वाटलं पोरगं अभ्यास करतंय. घरी पोरीला सांगायचो, आमच्या हॉस्टेलला एक पोरगं आहे चार-चारपर्यंत वाचत बसतं. तिला दाखवायला म्हणून लिहीत होतो. मग निकालाच्या दिवशी तू पायरीवर बसलेला दिसलास."

मला त्यावर काही बोलता आलं नाही. आई-अण्णा सोडून माझ्याबद्दल कोणी असं चांगलं समजत होतं, आणि तेही खिडकीतल्या उजेडावरून, हेच मला माहीत नव्हतं. मग तुम्ही चहा ओतत एवढंच म्हणालात, "मला जागायचा पगार मिळतो लेका, तुला कोण देतंय?"

ते पान तुम्ही मला फाडून दिलंत, अजून आहे माझ्याकडं. नंतर मी वाचलं की फोनवर संपतच नाही असं जे स्क्रोल असतं ते एझा रास्किन नावाच्या माणसानं २००६ मध्ये बनवलं आणि पुढं त्यानंच जाहीरपणे सांगितलं की आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो. ते वाचताना मला तुमचं रजिस्टर आठवलं. त्याचं पान भरतं, उलटावं लागतं, आणि उलटताना माणूस एक क्षण थांबतो. तेवढं थांबणंच माझ्याकडून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेलात. रात्रपाळी सकाळी आठला संपली आणि युनिफॉर्मवरच तुम्ही माझ्याबरोबर आलात, केसपेपर काढला आणि मानसोपचार विभागासमोरच्या बाकावर बारा वाजेपर्यंत बसलात. मी तीनदा म्हणालो काका चला, मला काही झालेलं नाही. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "नंबर येऊ दे." रात्रभर जागा असलेला माणूस माझ्यासाठी दिवसाही जागा राहिला.

आत काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. मॅडमनी वीस प्रश्न विचारले, किती वेळा ठरवलेल्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाईन राहतोस, कोणी मधे बोललं तर चिडतोस का, झोप किती वेळा जाते, असले. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, एकूण शंभर. किंबर्ली यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती टेस्ट बनवलीय. माझे चौऱ्याहत्तर आले. मॅडम म्हणाल्या की इंटरनेट ॲडिक्शन सगळे म्हणतात पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत सध्या गेमिंगचा आजार तेवढा आहे, तो २०१९ ला मान्य झाला आणि २०२२ पासून लागू झाला, तुझं गेमिंग नाही, पण नावावर अडून बसू नको. झोप गेली, अभ्यास गेला, माणसं लांब गेली आणि हे सगळं दिसत असूनही हात थांबत नाही, म्हणजे मदत घ्यायची वेळ आली.

अजून दोन गोष्टी सांगितल्या त्यांनी. एक म्हणजे पुढच्या रीलमध्ये काय निघेल ते माहीत नसतं, दहा फालतू निघतात आणि अकरावी भारी, म्हणून बोट थांबत नाही, रोज भारीच निघालं असतं तर कंटाळा आला असता. आणि दुसरी, दारू सोडणारा दारू पूर्ण सोडू शकतो, तुला फोन सोडता येणार नाही, कारण नोट्स, टाईमटेबल, फॉर्म, पैसे सगळं त्यातच आहे, त्यामुळं तुला त्याच्याबरोबर राहायला शिकायचंय आणि सुरुवात रात्रीपासून करायचीय. मग बराच वेळ त्यांनी फोनबद्दल विचारलंच नाही. ओरलबद्दल विचारलं, जेवायला कोणाबरोबर बसतोस विचारलं. मी तिथं रडलो. बाहेर आल्यावर डोळे लाल होते आणि तुम्ही न बघितल्यासारखं केलंत, त्याबद्दलसुद्धा थँक्यू.

रात्री अकराला मोबाईल तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि सकाळी सहाला न्यायचा, हे आपलं ठरलं. घरून इमर्जन्सी आली तर म्हणून तुमचा नंबर मी आईला दिला. लोकांना वाटतं फोन लांब ठेवला की झालं. पहिले दहा दिवस माझे हात अक्षरशः उशीखाली जायचे झोपेत. छातीत धडधड, चिडचिड, रूममेटशी भांडण. सहाव्या रात्री दोन वाजता मी खाली आलो आणि तुमच्यावर ओरडलो, माझा फोन आहे, तुम्ही कोण ठेवणारे, तुम्ही साधे वॉचमन आहात. हा शब्द वापरला मी. काका, त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, आज मागतो. मनापासून माफी मागतो.

तुम्ही ड्रॉवर उघडलात, फोन हातात दिलात आणि म्हणालात, "बघ. पण इथं बाकावर बसून बघ, मला सोबत होईल." थंडी होती, तुम्ही तुमची शाल दिलीत. मी बघत बसलो. तुम्ही राउंडला जाऊन आलात, कुत्र्याला हाकललंत, परत बसलात. अर्ध्या तासानं मीच फोन तुमच्या हातात दिला. का ते मला तेव्हा कळलं नाही, आता वाटतं की शेजारी एक जिवंत माणूस बसला होता आणि तो माझ्यावर रागावलेला नव्हता, एवढंच कारण असेल.

मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणं झोप अर्धा अर्धा तास अलीकडं आणली, चारची साडेतीन, साडेतीनची तीन, एकदम दहाला झोपायचं नाही म्हणाल्या होत्या. साडेबारापर्यंत यायला दोन महिने लागले. मधे दोनदा घसरलो, एकदा तर सबमिशनच्या आठवड्यात रूममेटचा फोन घेऊन पहाटेपर्यंत. तुम्ही दुसऱ्या दिवशी नोंद केलीत, ४.०५, आणि काही बोलला नाहीत.

तुमच्या सांगलीकडच्या गोष्टी मला त्याच काळात ऐकायला मिळाल्या. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट, २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं, पोरं पुस्तक घेऊन बसतात. ती सांगितल्यावर तुम्ही हसत म्हणालात, आपल्याकडं भोंगा नाही पण शिट्टी आहे. आणि त्या रात्रीपासून बरोबर अकराला माझ्या खिडकीखाली शिट्टी. आधी पोरं हसली. मग दोनशे सोळावाला त्याचा फोन घेऊन खाली आला, म्हणाला माझाही ठेवा, माझाही एम-थ्री राहिलाय. परीक्षेपर्यंत तुमच्या ड्रॉवरमध्ये सात फोन असायचे, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि रूम नंबर तुमच्या अक्षरात. त्या सगळ्यांबरोबर मी मेसमध्ये जेवायला लागलो, एम-थ्रीचे पेपर एकत्र सोडवले, आणि ओरलची प्रॅक्टिस आम्ही तुमच्या टेबलापुढं उभं राहून करायचो, तुम्ही एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक.

हे वाचणाऱ्या कोणा पोराकडं असे काका नसतील तर त्याच्यासाठी लिहितो, १४४१६ हा मानसिक त्रासात मदत करणारा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. सरकारी हॉस्पिटलातल्या मानसोपचार ओपीडीत गेलो म्हणून मला कोणी वेडा म्हटलं नाही.

आजी आता काठी घेऊन चालते. त्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा तिच्या पायाला तेल लावत तिला सगळं सांगितलं, फोनवरचं ते "बरं झालं" पण. तुमच्याबद्दल ऐकून तिनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती तुम्ही खाल्लीत, आठवतं ना.

मी आता चाकणजवळ एका साईटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. आमच्या साईटवरही रात्रीचे वॉचमन आहेत, त्यांचं नाव मी पहिल्याच दिवशी विचारलं. तुमचं आडनाव मात्र मला अजून माहीत नाही काका, आम्ही सगळे नुसतं काका म्हणायचो. रविवारी मला सुट्टी असते. तुम्ही कुठल्या गेटवर आहात तेवढं ताईकडून कळवा, मी सकाळी आठच्या आत येतो, तुमची ड्युटी सुटायच्या आधी.

तुमचा,
दोनशे चौदा